वाफेचा उपचार आणि नंतरचे तीन महिने

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये झाली. वाफ कशी तयार होते, कुठे कामाला येते आणि कुठे माणसाला भाजते, हे मी अंगावर शिकलो. त्यामुळे युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारांचे डॉक्टर, म्हणाले, "काका, तुमच्या प्रोस्टेटवर वाफेने उपचार करता येईल," तेव्हा मी आधी तापमान विचारलं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती असणारी ग्रंथी. "१०३ अंश." म्हणजे दाब जवळपास हवेइतकाच. मग विचारलं, एका वेळी पाणी किती? "अर्ध्या मिलिलीटरपेक्षाही कमी." किती वेळ? "नऊ सेकंद." पुढचा सगळा वेळ आम्ही दोघं त्याच विषयावर बोलत बसलो. बाहेर पेशंटची रांग होती, तरी त्या डॉक्टरांनी घाई केली नाही, हे मी विसरणार नाही.

हा उपचार मी घेतला, त्याला आता वर्ष होऊन गेलं. वाढलेल्या प्रोस्टेटबद्दल आपल्याकडची माणसं बोलत नाहीत. बोलली तरी ऑपरेशन किती वेळ चाललं आणि बिल किती झालं, एवढंच सांगतात. वाफेच्या उपचारात टेबलावरचा भाग दहा-पंधरा मिनिटांत उरकतो. खरं काम त्यानंतर शरीर स्वतः करतं, आणि तेव्हाच माणूस खचतो. मला मुख्यतः त्याच दिवसांबद्दल लिहायचं आहे.

त्रास साठीच्या आसपास सुरू झाला. लघवीची धार बारीक झाली, सुरू व्हायलाच वेळ लागायचा, झाली असं वाटून वळावं तोवर पुन्हा जावंसं वाटायचं. रात्री तीन-चार वेळा उठणं ठरलेलं. कोल्हापूरहून पुण्याला मुलाकडे जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचो. कराडला गाडी किती थांबते, साताऱ्याला किती, आणि खंबाटकीत वाहतूक अडकली तर काय, सगळा हिशेब डोक्यात. एकदा जोतिबाला दर्शनरांगेत निम्म्यावर पोचलो होतो आणि बाहेर पडावं लागलं. घरच्यांनी काही विचारलं नाही, पण त्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, आता डॉक्टरकडे चला. मी बरोबर येते."

तपासण्या साध्या होत्या. आधी एक प्रश्नावली. धार, जोर, घाई, रात्रीचं उठणं असे सात प्रश्न, एकूण गुण ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. माझे २२ आले. मग डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने तपासलं. ग्रंथी कडक किंवा खडबडीत लागते का, हे त्यात कळतं. ते दोन मिनिटांचं अवघडलेपण कुणीही टाळू नये. रक्तात पीएसए पाहिलं. हे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, कर्करोगाची शंका घ्यायची का ते त्याच्या आकड्यावरून ठरवतात. प्रोस्टेटचा कर्करोग नाही ना, याची खात्री पटेपर्यंत कोणत्याही उपचाराचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५२ ग्रॅम निघाली. तरुणपणी ती साधारण २० ते २५ ग्रॅमची असते. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच शिल्लक राहत होती. शेवटी यूरोफ्लो. नरसाळ्यासारख्या भांड्यात लघवी करायची आणि यंत्र सेकंदाला किती मिलिलीटर पडते त्याचा आलेख काढतं. १५ च्या वर गेली तर ठीक, १० च्या खाली गेली तर बहुधा अडथळा आहे. माझी रेघ आठच्या आसपास चढून तिथेच सपाट झाली आणि लांबच लांब सरकत राहिली. बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप दमला की त्याचा गेज असाच दिसतो. तो कागद पाहिल्यावर मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

आधी अर्थातच गोळ्या. टॅमसुलोसिनने मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे काही दिवसांतच धार थोडी मोकळी होते. ड्यूटास्टेराइडने ग्रंथी हळूहळू आकसते, पण त्याला सहा महिने तरी द्यावे लागतात. या दुसऱ्या गोळीने पीएसएचा आकडा साधारण निम्मा होतो. ती चालू असेल तर रिपोर्ट वाचणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगायलाच हवं, नाहीतर वाढलेला आकडा नॉर्मल दिसून जातो. टॅमसुलोसिनचं आणखी एक. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल आधी सांगावं, कारण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडतो. मला गोळ्यांचा फायदा झाला, पण उठताना चक्कर यायची. रात्री लघवीला उठायचं आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी, ही जोडी या वयात चांगली नाही. एकदा मोरीच्या दाराला धरून बसलो, तेव्हा सौ.ने सरळ डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी तीन वाटा समोर ठेवल्या. पहिली दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडून काढण्याची. ती कित्येक दशकं चालत आली आहे आणि आजही नव्या उपचारांची तुलना बहुतेक वेळा तिच्याशीच करतात. दुसरी होल्मियम लेझरने आतला गर सोलून काढण्याची, ती मोठ्या ग्रंथीलाही चालते. तिसरी वाफेची, साधारण ३० ते ८० मिलिलीटरच्या, म्हणजे जवळपास तितक्याच ग्रॅमच्या ग्रंथीसाठी. पहिल्या दोन्हींत धार लगेच आणि जोरात सुटते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पण त्या दोन्हींनंतर बहुतेक पुरुषांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. त्याने जीवाला धोका नसतो आणि संबंधही ठेवता येतात, पण माणसाला ते आधी माहीत असायला हवं. वाफेत हा प्रश्न फार थोड्यांना येतो. त्या बदल्यात फरक पडायला वेळ लागतो आणि धारेतली सुधारणा खरवडण्याइतकी मोठी नसते.

हा मुद्दा मी मुद्दाम उघड लिहितोय. आपल्याकडे साठी ओलांडलेल्या माणसाने असं काही विचारलं तर समोरचा गालात हसतो, म्हणून माणूस विचारतच नाही आणि नंतर मनात कुढत राहतो. आम्ही दोघांनी घरी बसून यावर बोललो. कुणाला हा मुद्दा महत्त्वाचा वाटेल, कुणाला वाटणार नाही, पण निर्णय माहितीवर व्हावा.

उष्णतेने प्रोस्टेट बारीक करायची कल्पना जुनी आहे. १९९६ साली अमेरिकेत दोन पद्धतींना मान्यता मिळाली. एकीत मूत्रमार्गात घातलेल्या नळीत मायक्रोवेव्हचा अँटेना असतो. तो आतून ग्रंथी तापवतो आणि मूत्रमार्ग भाजू नये म्हणून नळीतून थंड पाणी फिरवत ठेवतात. दुसरीत ग्रंथीत सुया खुपसून रेडिओ लहरींनी ऊतक तापवतात. दोन्हींनी लोकांना आराम मिळाला, पण बऱ्याच जणांना काही वर्षांत पुन्हा उपचार घ्यावा लागला. सुयांची पद्धत आता वापरू नये, असं अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं. ही अडचण मला लगेच समजली. उगमाजवळ ताप जास्त, लांब जावं तसा कमी, आणि मधून वाहणारं रक्त उष्णता सतत वाहून नेणार. अशा ठिकाणी सगळीकडे सारखं तापमान टिकवून धरणं महाकठीण.

वाफेचं गणित वेगळं आहे. उकळतं एक ग्रॅम पाणी शरीराच्या तापमानाला येईपर्यंत साधारण ६३ कॅलरी सोडतं. तेवढ्याच वजनाची वाफ मात्र नुसती पाणी होतानाच ५४० कॅलरी सोडते आणि वर त्या ६३ आहेतच. म्हणजे जवळजवळ दहापट. म्हणूनच बॉयलरवर नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात की उकळत्या पाण्यापेक्षा वाफेला जास्त भी. जास्त दाबाच्या लाइनला फ्लँजमधून, म्हणजे पाइपाच्या जोडातून, गळती असेल तर ती दिसत नाही, फक्त शिट्टीसारखा आवाज येतो. आमच्याकडे जुनी माणसं लांब काठीला फडकं बांधून पुढे धरायची. फडकं उडालं की गळती तिथे, मग हात मागे. या वाफेला उभ्या आयुष्यात मी इतकं भ्यालो आहे, म्हणूनच ती मापात धरून कामाला लावणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. दुर्बिणीसारख्या दांड्यात थोडं निर्जंतुक पाणी असतं, रेडिओ लहरींच्या उष्णतेने त्याची वाफ होते. दांड्याच्या टोकातून एक बारीक सुई बाजूच्या ग्रंथीत शिरते. तिच्या टोकाशी चौफेर बारा सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून नऊ सेकंद वाफ आत जाते आणि पेशींमधल्या फटींतून पसरते. गार पेशीला टेकताक्षणी तिचं पाणी होतं आणि सगळी सुप्त उष्णता तिथल्या तिथे मोकळी होते. एका मात्रेत सुमारे २०० कॅलरी, अर्थात या भौतिकशास्त्रातल्या, आहारातल्या नव्हेत. त्या भागातल्या पेशी मरतात. ग्रंथीच्या नैसर्गिक आवरणाशी वाफ थांबते, पलीकडच्या नसांकडे जात नाही. या काळात मूत्रमार्गात सलाइन वाहत असल्याने तो थंड राहतो. अमेरिकेत २०१५ मध्ये याला परवानगी मिळाली आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२० मध्ये तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी या उपचाराला पाठिंबा दिला.

एका अभ्यासाबद्दल डॉक्टरांनी सांगितलं, ते ऐकून माझा विश्वास बसला. अमेरिकेत १९७ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला वाफ दिली, दुसऱ्याला नुसती दुर्बीण घालून यंत्रासारखे आवाज ऐकवले. कुणाला काय मिळालं हे त्यांना कळू दिलं नाही. तीन महिन्यांनी नुसत्या आवाजवाल्यांचे त्या प्रश्नावलीतले गुणही चारने उतरले होते, वाफवाल्यांचे मात्र अकराने. पुढे पाच वर्षं वाफवाल्यांवर लक्ष ठेवलं, तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेले ४.४ टक्के निघाले आणि पुन्हा गोळ्या सुरू झालेले ११ टक्के. पाच वर्षांपुढचं आश्वासन त्यांनी दिलं नाही, तेही मला आवडलं.

उपचार पुण्यात झाला. पाठीतून भूल दिली होती, त्यामुळे मी जागा होतो आणि मान वळवली की पडदा दिसायचा. मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजूंनी फुगलेले गुलाबी गोळे मधोमध चिकटून बसले होते, मधली वाट म्हणजे नुसती फट. सुई एका गोळ्यात शिरली. यंत्र सेकंद मोजू लागलं. सुईभोवतीचा भाग पांढुरका पडत गेला. मग सुई बाहेर, दांडा थोडा पुढे, पुन्हा सुई. डाव्या बाजूला झालं, मग उजव्या बाजूला. मला काहीही दुखलं नाही. भुलीचं इंजेक्शन द्यायला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा हे लवकर आटोपलं. कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढणारी नळी, बसवलं आणि दुसऱ्या दिवशी मुलाकडे सोडलं.

इथून पुढे कसोटी.

वाफ गेली की आत सूज येते. भाजलेली कुठलीही जागा सुजतेच, इथे ती मूत्रमार्गाच्या भोवती असते. म्हणून काही दिवस कॅथेटर ठेवतात. मला ते आठवडाभर होतं. दिवसा मांडीला बांधायची छोटी पिशवी, रात्री खाटेला अडकवायची मोठी. नळी मांडीला चिकटपट्टीने नीट बांधलेली असेल तर त्रास निम्मा होतो. सैल राहिली तर चालताना टोकाशी ओढ बसते आणि डोळ्यांत पाणी येतं. सिस्टरनी लेंग्याऐवजी लुंगी नेसायला सांगितली, मोठा उपकार केला. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली ठेवायची, पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही, जड उचलायचं नाही, दुचाकी बंद. चहाही डॉक्टरांनी कमी करायला लावला. नळी असताना मधूनच मूत्राशय आवळून यायचं आणि नळीच्या कडेने थेंब गळायचे. घाबरून फोन केला, तर हे होतंच म्हणाले आणि एक गोळी वाढवून दिली.

कॅथेटर काढल्यावर लघवी झाली. झाली एवढंच. जळजळ इतकी की मोरीत भिंतीला हात टेकून उभा राहायचो. दर अर्ध्या-पाऊण तासाला घाई. धार उपचाराआधी होती तेवढी किंवा त्याहून बारीक. कधी लघवी गुलाबी, कधी तिच्यात करड्या-पांढऱ्या बारीक चिंध्या. तिसऱ्या आठवड्यात मी मुलाला म्हणालो, "अरे, पैसे पाण्यात गेले. मी आहे त्यापेक्षा वाईट झालोय." तो बिचारा गप्प बसला. मला वाटतं, या टप्प्यावर अनेकजण डॉक्टर बदलतात किंवा दुसरं ऑपरेशन करून घ्यायला निघतात.

आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लघवीची तपासणी केली, संसर्ग नाही ना ते पाहिलं, सोनोग्राफीवर शिल्लक पाहिली. मग म्हणाले, "काका, मी आतून काही कापून काढलेलं नाही. पेशी मेल्यात, पण अजून तिथेच आहेत. त्या तुमचं शरीर साफ करणार. त्या चिंध्या त्यातल्याच. सहा आठवडे जाऊ द्या, तीन महिने जाऊ द्या, मग आपण बोलू." बॉयलर बंद केल्यावर भट्टीतली राख थंड होऊन काढेपर्यंत आत माणूस जाऊ शकत नाही, आणि ती थंड व्हायची तेव्हाच होते, हे मी कितीतरी हंगाम पाहिलेलं. तरी स्वतःच्या शरीराच्या बाबतीत धीर धरायला मला त्यांचा आवाज लागला.

कोणत्या वेळी मात्र थांबायचं नाही, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण तुंबली, किंवा रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, तर रात्र असो की सणाचा दिवस, दवाखाना गाठायचा. तुंबलेली लघवी घेऊन सकाळची वाट पाहत बसणं धोक्याचं असतं. आमच्याच खात्यातल्या एकाने तसं केलं आणि मूत्रपिंडावर ताण येऊन बसला.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास जळजळ गेली. ती नेमकी कधी गेली हे सांगता येणार नाही, एके दिवशी लक्षात आलं की बरेच दिवसांत भिंतीला हात टेकलेला नाही. मग रात्रीचं उठणं दोनवर आलं, पुढे एकवर. टॅमसुलोसिन डॉक्टरांनी थांबवली. तीन महिन्यांनी पुन्हा यूरोफ्लो केला. आलेख सरळ वर चढला, सोळाला टेकला आणि घंटेसारखा गोल होऊन खाली आला. शिल्लक जवळपास काहीच नाही. प्रश्नावलीत आठ गुण. सौ.ने तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. तिला त्यातले आकडे कळत नव्हते, पण रात्री मी उठत नाही म्हणून तिचीही झोप होत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. ज्यांच्या नवऱ्याला हा आजार आहे त्या बायकांच्याही झोपेची वर्षं त्यात जातात, याचा विचार कुणी करत नाही.

विम्याचं सांगायलाच हवं. २०१९ मध्ये विमा नियामकाने आधुनिक उपचारांची यादी केली, ते उपचार पॉलिसीतून सरसकट वगळले जाऊ नयेत म्हणून. त्या यादीत प्रोस्टेटसाठी ग्रीन लेझर आणि होल्मियम लेझर यांची नावं आहेत, वाफेचं नाव नाही. याच्यावर बोट ठेवून आमच्या विमा कंपनीने दावा अडवला. वाफेचा दांडा एकदाच वापरून टाकून द्यायचा असतो, त्यामुळे बिलात सगळ्यात मोठी रक्कम त्याचीच असते, आणि नेमकी तीच त्यांना मान्य नव्हती. डॉक्टरांचं सविस्तर पत्र जोडलं, मुलाने पाठपुरावा केला, तेव्हा काही भाग मिळाला. मनस्ताप झाला तो झालाच. म्हणून तारीख घेण्याआधी पूर्वमंजुरी लेखी मागून घ्यावी. निवृत्त माणसाला ही रक्कम लहान नसते.

माझं पाहून कारखान्यातले जुने फोरमन आण्णा मला म्हणाले, "मलाही वाफच द्यायला सांग तुझ्या डॉक्टरांना." मी त्यांना घेऊन गेलो. त्यांची ग्रंथी ११० ग्रॅमची निघाली आणि एकदा लघवी तुंबून कॅथेटर घालून झालेलं. डॉक्टरांनी वाफेला साफ नकार दिला आणि लेझरने सोलून काढायचा सल्ला दिला. आण्णा थोडे हिरमुसले, पण ऐकलं. तिसऱ्याच दिवशी नळी निघाली, धार त्याच दिवशी मोकळी. दोन आठवड्यांत ते मळ्यात जाऊ लागले. खोकताना थोडी गळायची, तीही व्यायामाने थांबली. माझी पीएसए तपासणी मात्र दरवर्षी चालूच राहणार आहे. प्रोस्टेट अजून जागेवर आहे, त्यामुळे तिच्यावर लक्ष ठेवायचं काम संपलेलं नाही. आण्णांच्या काढलेल्या गराचा नमुना प्रयोगशाळेत तपासून आला, त्यात कर्करोग निघाला नाही. वाफेत असा नमुना हाती येतच नाही, म्हणून उपचाराआधी पीएसए आणि बोटाची तपासणी नीट झालेली असणं इतकं महत्त्वाचं.